डोलणं, सावरणं आणि तुटणं : सिंक्रोनस यंत्रांच्या स्थैर्याविषयी



आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने विजेच्या यंत्रांवर बोलावं, हे जरा विचित्रच. त्याचं कारण आधी सांगतो.

३१ जुलै २०१२. आम्ही एका चर्चासत्रासाठी दिल्लीत होतो. दुपारी एकच्या सुमारास सभागृहातले पंखे थांबले. आदल्या दिवशी पहाटेही वीज गेली होती, तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण थोड्या वेळात कळलं की मेट्रो थांबली आहे, शेकडो रेल्वेगाड्या वाटेत उभ्या आहेत, बंगालमधल्या कोळशाच्या खाणींत कामगार अडकले आहेत. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत एकदम अंधारात गेला होता. त्या प्रदेशातली लोकसंख्या साठ कोटींच्या घरात. संध्याकाळी पुण्याला घरी फोन लावला तर उत्तर आलं, "इथे पंखा फिरतोय. टीव्हीवर तुमच्या दिल्लीचीच बातमी चालू आहे."

इथे पंखा फिरतोय आणि तिथे नाही, हे कसं? दोन्हीकडची वीज एकाच जाळ्यातली होती ना? परत आल्यावर आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त अभियंत्यांना हा प्रश्न विचारला. औष्णिक केंद्रात हयात घालवलेला माणूस. ते म्हणाले, "सर, वीज संपली नव्हती. यंत्रं एकमेकांपासून सुटली." हे 'सुटली' म्हणजे काय, ते समजून घेण्यात आमची पुढची दोन वर्षं गेली. त्यातलं जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो. गणित जवळजवळ नाही, घाबरू नका.

वेग सगळ्यांचा एक, कोन ज्याचा त्याचा

औष्णिक केंद्रातलं एक मोठं जनित्र डोळ्यांसमोर आणा. मधोमध रोटर, म्हणजे पोलादाचा कित्येक टनांचा लांबट दंडगोल. त्यावर गुंडाळी आहे, गुंडाळीत डीसी प्रवाह आहे, म्हणजे तो एक भला मोठा विद्युतचुंबक झाला. वाफेवर चालणारं टर्बाइन त्याला फिरवतं. त्याच्याभोवती न फिरणारा भाग, स्टेटर. स्टेटरमध्ये तीन फेजच्या गुंडाळ्या असतात आणि त्या ग्रीडला, म्हणजे देशभराच्या वीजजाळ्याला, जोडलेल्या असतात. या तीन फेजच्या प्रवाहांची करामत अशी की तांब्याची तार जागची हलत नाही, पण त्यांच्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मात्र गोल फिरत राहतं. आपली ग्रीड ५० हर्ट्झची. त्यामुळे दोन ध्रुवांच्या यंत्रात हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, चार ध्रुवांच्या यंत्रात १५००. पाण्यावर चालणारी यंत्रं याहून बरीच सावकाश फिरतात, म्हणून त्यांना ध्रुव जास्त ठेवावे लागतात.

आता मुद्द्याची गोष्ट. रोटरचा चुंबक या फिरत्या क्षेत्राला धरून चालतो. तितक्याच वेगाने, जास्त नाही, कमी नाही. म्हणून यंत्राचं नाव सिंक्रोनस, समकालिक. आणि ग्रीडला जोडलेलं प्रत्येक सिंक्रोनस यंत्र याच ठेक्यात असतं. कोयनेचं जनित्र असो, कोराडीचं असो की हजार किलोमीटरवरचं एखादं. पंढरीच्या वाटेवर दिंडी चालते तेव्हा पावलं एका ठेक्यात पडतात, तसं काहीसं. ठेका कुणा एकाच्या मालकीचा नसतो, सगळे मिळून तो धरून ठेवतात.

मग कोण किती वीज देतंय, हे कशावरून ठरतं? वेग तर सगळ्यांचा एकच. ते ठरतं कोनावरून. जनित्राचा रोटर क्षेत्राच्या थोडा पुढे असतो. टर्बाइन त्याला पुढे ढकलतं, क्षेत्र त्याला मागे खेचतं, आणि ही ओढाताण म्हणजेच यंत्रातून बाहेर पडणारी वीज. कोन वाढला की ओढ वाढते, वीज वाढते. मोटारीत उलट, तिथे रोटर थोडा मागे राहतो. या कोनाला इंजिनिअर लोक लोड अँगल म्हणतात, आपण 'भारकोन' म्हणू.

किल्ल्यांचा जुडगा

हे बघा, आमच्या हातात एक रबर आहे आणि त्याला घरच्या किल्ल्यांचा जुडगा बांधला आहे. हात सावकाश वर नेला तर किल्ल्याही वर येतात. हात एकदम झटकला तर? किल्ल्या खालीवर नाचतात, मग हळूहळू थांबतात. रोटर आणि ग्रीड यांच्यामधलं चुंबकीय नातं हे या रबरासारखं आहे. पोलादी दांड्यासारखं नाही. त्यामुळे काहीही फरक पडला, कुठे मोठा भार चढला, कुठे एखादी वाहिनी बंद झाली, की रोटर आपल्या नव्या कोनावर जाऊन गुमान बसत नाही. तो पुढे जातो, मागे येतो, डोलतो. वेग ५० हर्ट्झच्या किंचित वर, किंचित खाली. एकटंदुकटं यंत्र बाकीच्या ग्रीडशी डोलतं तेव्हा एका हेलकाव्याला साधारण अर्धा ते एक सेकंद लागतो.

इथे आम्हाला आमचे वैशेषिक आठवतात. वैशेषिक दर्शनात 'संस्कार' नावाचा गुण सांगितला आहे, आणि त्याचे तीन प्रकार : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे स्मृतीला कारण होणारा संस्कार, तो आत्म्याचा, तो आज बाजूला ठेवू. पण उरलेले दोन बघा. गतीत असलेली वस्तू गतीत ठेवणारा तो वेग. वाकवलेली फांदी सोडल्यावर तिला मूळ जागी नेणारा तो स्थितिस्थापक. शाळेच्या पुस्तकात आपण 'स्थितिस्थापकता' शिकलो तो शब्द या घराण्यातला. आमच्या रोटरपाशी हे दोन्ही आहेत. त्याचं प्रचंड जडत्व हा त्याचा वेग, आणि चुंबकीय ओढ हा त्याचा स्थितिस्थापक.

आणि गंमत अशी की केवळ हे दोनच असतील तर यंत्र कधीच स्थिर होणार नाही. मूळ जागेकडे खेचणारी ओढ आणि तिथे पोचल्यावर थांबू न देणारा वेग, या दोघांचं मिळून होतं ते निव्वळ दोलन. कायमचं. ते शमवायला तिसरं काहीतरी लागतं, ज्याला वैशेषिकांच्या त्या यादीत जागा नाही. त्याचं नाव अवमंदन, डॅम्पिंग. दोलनातली ऊर्जा थोडी थोडी काढून घेणारं काहीतरी. आमच्या किल्ल्या थांबतात त्या हवेमुळे आणि रबर आतल्या आत तापतं म्हणून.

तेव्हा एखादी गोष्ट स्थिर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा खरं म्हणजे तीन वेगवेगळे प्रश्न विचारायला हवेत. ढळल्यावर ती मूळ जागेकडे खेचली जाते का? तिचं डोलणं शमतं का? आणि किती ढळली तर ती परत येऊच शकत नाही? आजचं सगळं व्याख्यान या तीन प्रश्नांभोवती आहे.

नव्वद अंशांचा उंबरठा

आधी तिसरा प्रश्न घेऊ, कारण इथे आमचं रबर फसवतं. रबर जितकं ताणाल तितकं जास्त खेचतं. चुंबकीय ओढ तशी नाही. ती भारकोनाच्या साइनप्रमाणे चालते. शाळेतली त्रिकोणमिती आठवा. कोन ३० अंश असेल तर ओढ कमाल ओढीच्या निम्मी. ६० अंशांना सुमारे ८७ टक्के. ९० अंशांना पूर्ण. आणि ९० च्या पुढे? कमी होत जाते. म्हणजे तिथून पुढे रोटर जितका दूर जाईल तितका त्याला धरणारा हात ढिला पडणार.

६० पासून ९० पर्यंतचे तीस अंश बघा. या शेवटच्या तीस अंशांत फक्त १३ टक्के ओढ हाती लागते. यंत्र रोजच्या कामात ९० अंशांजवळ का चालवत नाहीत, ते यावरून कळतं. तिथे जरा धक्का लागला की संपलं. क्षमता वाया जाते असं वरवर वाटतं, पण ती राखलेली जागा डोलण्यासाठी लागते.

आता धक्का बसतो म्हणजे काय होतं? समजा जनित्राजवळच्या वाहिनीवर वीज पडली आणि शॉर्टसर्किट झालं. तिथला व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येतो, आणि व्होल्टेजच नाही म्हणजे जनित्रातून वीज बाहेर जाणं थांबतं. पण टर्बाइनला हे माहीत नसतं. वाफ तर येतेच आहे. मागे खेचणारं कुणी नाही, पुढे ढकलणारं आहे, म्हणजे रोटरचा वेग वाढू लागतो.

किती झपाट्याने? ते जडत्वावर अवलंबून. मोठ्या औष्णिक जनित्राच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा साधारण तीन ते सहा सेकंदांच्या पूर्ण भाराइतकी असते. आपण चार सेकंद धरू. यंत्र पूर्ण भारावर आहे असंही धरू. हिशेब केला तर शॉर्टसर्किट एक दशांश सेकंद टिकलं तर भारकोन सुमारे ११ अंशांनी वाढतो. दोन दशांश सेकंद टिकलं तर ४५ अंशांनी. वेळ दुप्पट, कोन चौपट. तीन दशांशात तो शंभराच्या वर. म्हणून ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर दोष ओळखून ब्रेकर उघडायला साधारण एक दशांश सेकंदाची मुदत असते. आपली पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. या कामात माणसाचा हात पोचूच शकत नाही.

बरं, दोष दूर झाला म्हणून सुटलो का? नाही. रोटरने मधल्या वेळात जास्तीचा वेग कमावलेला असतो. तो वेग म्हणजे कर्ज समजा. ओढ परत आल्यावर हे कर्ज फेडायचं, आणि फेड पूर्ण होईपर्यंत रोटर पुढेच सरकत राहतो. परतीची वाट बंद होणाऱ्या कोनाआधी कर्ज फिटलं तर यंत्र मागे येतं. नाही फिटलं तर ते ग्रीडच्या ठेक्यातून सुटतं. आमच्या शेजाऱ्यांचा 'सुटली' हा शब्द इथला. इंजिनिअर हे आलेख काढून पाहतात : कमावलेल्या ऊर्जेचं क्षेत्रफळ एकीकडे, फेडीला उपलब्ध असलेलं दुसरीकडे. त्याला समक्षेत्र कसोटी म्हणता येईल.

मदतीची वेळ

आता दुसरा प्रश्न, डोलणं शमण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जनित्रं पिस्टनच्या वाफइंजिनावर चालत. पिस्टनचा जोर एकसारखा नसतो, धक्क्याधक्क्याने येतो. अशी दोन जनित्रं शेजारी जोडली की ती एकमेकांभोवती डोलत, आणि कधी कधी डोलणं वाढत जाई. याला 'हंटिंग' म्हणत. मोरीस लब्लां या फ्रेंच अभियंत्याने त्यावर तोड काढली. रोटरच्या ध्रुवांवर तांब्याच्या कांड्या बसवायच्या आणि त्यांची टोकं जोडून टाकायची. रोटर क्षेत्राच्या बरोबर चालतोय तोवर या कांड्या निवांत. तो जरा पुढेमागे झाला की त्यांच्यात प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह नेमका त्या पुढेमागे होण्यालाच विरोध करतो. नियंत्रक नाही, संवेदक नाही. आजही ही गुंडाळी वापरात आहे, तिला डॅम्पर वाइंडिंग म्हणतात.

यात एक फार सूक्ष्म गोष्ट आहे. स्थितिस्थापक ओढ विचारते, 'तू कुठे आहेस?' अवमंदन विचारतं, 'तू कुठे निघालास?' पहिली जागा बघते, दुसरं वेग बघतं. दोघांची जबाबदारी वेगळी, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

पण वीज अभियांत्रिकीला हे पुन्हा एकदा शिकावं लागलं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जनित्रांवर झटपट काम करणारे व्होल्टेज नियंत्रक आले. काम साधं : व्होल्टेज घसरला की रोटरच्या गुंडाळीतला प्रवाह वाढवायचा, चुंबक बळकट करायचा. त्याने ओढ वाढते, आणि शॉर्टसर्किटनंतर सावरायला मदत होते. छान. पण लांबच्या वाहिन्यांवर जड भार असताना असं दिसू लागलं की काही यंत्रं विनाकारण डोलायला लागतात आणि डोलणं वाढतं. औषधच बाधत होतं.

कारण असं. रोटर पुढे झुकतो, कोन वाढतो, व्होल्टेज उतरतो. नियंत्रक तत्काळ हुकूम देतो : चुंबक बळकट करा. पण रोटरची गुंडाळी जाडजूड, तिच्यातला प्रवाह लगेच वाढत नाही. बळ पोचतं तोवर रोटर आपला आपण परत फिरलेला असतो. आता ही उशिरा आलेली ओढ त्याला त्याच्याच परतीच्या दिशेने जोरात खेचते. झोपाळ्यावरच्या मुलाला मागून झोका देताना आपण काय करतो? तो ज्या दिशेने निघाला त्याच दिशेने, नेमक्या वेळी, हलकासा रेटा. तेच इथे घडतं. इंजिनिअर याला ऋण अवमंदन म्हणतात. १९६९ साली डिमेलो आणि कॉनकॉर्डिया यांनी आपल्या निबंधात ही यंत्रणा उलगडून दाखवली.

मग नियंत्रक काढून टाकायचा का? तेही परवडत नाही, पहिल्या धक्क्यातून सावरायला तो लागतोच. उपाय निघाला तो असा : नियंत्रकाला आणखी एक कान द्यायचा. या जोडउपकरणाला पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर म्हणतात. ते व्होल्टेजबरोबर रोटरचा वेगही ऐकतं, आणि गुंडाळीत होणारा उशीर हिशेबात धरून हुकूम आधीच देतं. म्हणजे रोटर पुढे धावत असतानाच ओढ वाढते आणि मागे येत असताना कमी होते.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये वाफइंजिनाच्या वेगनियंत्रकांवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने हा भेद आधीच नोंदवला होता : नियंत्रकाच्या हस्तक्षेपाने ढळणं शमू शकतं, आणि त्याच हस्तक्षेपाने वाढत्या दोलनांतही जाऊ शकतं. हेतू दोन्हीकडे एकच असतो.

प्रदेश प्रदेशाशी डोलतो तेव्हा

आतापर्यंत एक यंत्र आणि बाकी ग्रीड असं बोललो. पण लांबच लांब ग्रीडमध्ये एका टोकाची शेकडो जनित्रं एकजूट होऊन दुसऱ्या टोकाच्या शेकडो जनित्रांशी डोलतात. वस्तुमान प्रचंड आणि मधलं रबर लांब व ढिलं, म्हणून हेलकावा सावकाश. एकेकाला दोन सेकंदांपासून दहा सेकंदांपर्यंत वेळ लागतो.

१० ऑगस्ट १९९६. अमेरिकेचा पश्चिम किनारा, कडक उन्हाळा. उत्तरेकडून कॅलिफोर्नियाकडे भरपूर वीज चालली होती. तापलेल्या तारा ओघळून झाडांना टेकल्या, ओरेगनमधल्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. मॅकनॅरी धरणावरची जनित्रं बाहेर पडली. मग साधारण चार सेकंदांना एक असा हेलकावा सुरू झाला. तो शमला नाही, वाढत गेला. शेवटी ओरेगन आणि कॅलिफोर्निया यांना जोडणाऱ्या वाहिन्या तुटल्या आणि जाळ्याची चार बेटं झाली. पंचाहत्तर लाख ग्राहकांची वीज गेली. नंतर तज्ज्ञांनी त्या दिवसाची परिस्थिती संगणकावरच्या प्रचलित प्रतिमानात घातली, तर प्रतिमान म्हणालं, दोलन शमेल. प्रत्यक्षात जाळं तुटलं होतं. ज्ञानमीमांसा शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

आणि आता आपली दिल्ली. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी सुरुवात झाली. उत्तर भारत पश्चिमेकडून भरपूर वीज ओढत होता. मधल्या काही वाहिन्या आधीच बंद होत्या. उरलेल्यांपैकी ४०० किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली. तिच्यावर दोष नव्हता. भार जास्त होता आणि व्होल्टेज कमी. पण संरक्षक रिले नेमकं याच दोन खुणांवरून शॉर्टसर्किट ओळखतो. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटेल. डोंगरावर धूर दिसला म्हणून अग्नीचं अनुमान केलं, आणि तो धूर नव्हता, धुकं होतं. रिलेने अनुमान केलं, हेतू संशयास्पद होता, आणि ते तपासायला सवड नव्हती.

ती वाट बंद झाल्यावर पश्चिमेची वीज पूर्व भारताला वळसा घालून उत्तरेला जाऊ लागली. वाट लांब, म्हणजे रबर ढिलं, म्हणजे तेवढीच वीज न्यायला कोन मोठा. उत्तरेची यंत्रं आणि बाकीची यंत्रं यांच्यातला कोन वाढत गेला, डोलणं सुरू झालं. दोन गट एकमेकांपासून फार दूर गेले की त्यांच्यामधल्या वाहिन्यांवर एका जागी व्होल्टेज पार तळाला जातो, आणि रिलेला तिथेही शॉर्टसर्किटच दिसतं. उत्तर आणि पूर्व यांच्यामधल्या वाहिन्या अशा सुटल्या. एकट्या पडलेल्या उत्तरेत मागणी जास्त, निर्मिती कमी. ती कोसळली. सुमारे ३६,००० मेगावॅट भार गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बीना-ग्वाल्हेरपासूनच सुरुवात, पण या वेळी तुटण्याची रेघ पूर्वेच्या हद्दीत पडली. पश्चिम एका बाजूला आणि उत्तर, पूर्व, ईशान्य दुसऱ्या बाजूला. सुमारे ४८,००० मेगावॅट भार गेला.

पुण्यात पंखा का फिरत होता, त्याचं उत्तर हे. पश्चिमेकडे त्या घडीला वीज जास्तीची होती. जाळं तुटल्यावर इथली वारंवारता वाढली, काही जनित्रं बाहेर पडली, आणि उरलेली आपल्या ठेक्यात राहिली. आमच्या घरच्या पंख्याचं त्यात कर्तृत्व काही नव्हतं. तुटण्याची रेघ कुठे पडली, एवढाच प्रश्न होता.

दक्षिण भारत या सगळ्यातून वाचला, कारण तेव्हा तो उरलेल्या देशाशी सिंक्रोनस जोडलेला नव्हता. त्याचा ठेका वेगळा होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी एसीचं डीसी करून पुन्हा एसी करत, आणि अशी वीज पलीकडे जाई. डीसीच्या दुव्याला कोन लागत नाही, म्हणून त्यातून डोलणंही आपोआप पलीकडे जात नाही. मग ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि सगळा देश एका ठेक्यावर आला. लाभ मोठा आहे, एकाची टंचाई दुसरा भागवतो. पण आता कुणाचं डोलणं कुणापासून लपत नाही. म्हणूनच जाळ्यावर जागोजागी उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेली उपकरणं बसवली गेली, जी व्होल्टेजचा कोन सेकंदाला अनेकदा मोजून कळवतात. पूर्वी नियंत्रण केंद्राला हेलकावा दिसतच नसे. आता दिसतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न : सौरऊर्जा वाढली की हा त्रास वाढेल का?*

चांगला प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. सौर पॅनेलमध्ये फिरणारं काही नाही. त्याची वीज इन्व्हर्टरमधून येते, आणि बहुतेक इन्व्हर्टर ग्रीडचा ठेका ऐकून त्यामागे चालतात, स्वतः ठेका धरत नाहीत. भर दुपारी ही वीज भरपूर येते तेव्हा फिरती जनित्रं कमी चालू असतात, म्हणजे एकूण जडत्व कमी. मघाचा हिशेब आठवा. जडत्व निम्मं झालं तर तेवढ्याच वेळात वेगातला फरक दुप्पट. सावरायला सवड कमी. पण हे दुखणं असाध्य नाही. ठेका स्वतः धरणारे इन्व्हर्टर आहेत, बॅटऱ्या आहेत. टर्बाइनशिवाय नुसता फिरत राहणारा रोटर जोडतात, त्याला सिंक्रोनस कंडेन्सर म्हणतात. नव्या उपकरणांना ते तीन प्रश्न नव्याने विचारावे लागतील, एवढंच. झटपट हस्तक्षेप हीच त्यांची ताकद आहे, आणि झटपट हस्तक्षेपाने काय होऊ शकतं ते मघाशी पाहिलं.

*प्रश्न : सर, हे माणसाच्या मनालाही लागू आहे असं तुम्हाला म्हणायचं आहे का?*

(हसून) वाट बघत होतो. मोह होतो खरा, पण सावकाश घेऊ. यंत्राचे नियम मनाला लावणं हा दृष्टान्त आहे, प्रमाण नाही. मनाला भारकोन नसतो. इतकं मात्र म्हणता येईल की 'स्थिर' हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. एखादी संस्था, एखादं घर, एखादं सरकार हलत नाही म्हणून आपण त्याला स्थिर म्हणतो. ग्रीड क्षणभरही न हलता राहिलेली नाही. आपण इथे बसलो आहोत तेव्हाही ती डोलते आहे. तेव्हा कुणी 'स्थिर' म्हटलं की आधी विचारावं, कशाच्या बाबतीत? ओढीच्या, शमण्याच्या, की मर्यादेच्या? ३० जुलैला पहाटे अडीच वाजता त्या ग्रीडचे दिवे लागलेलेच होते. ती किती ढळू शकते, याचं उत्तर पुढच्या काही क्षणांत मिळालं.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी याच धाग्यावर रिलेच्या अनुमानाकडे जरा निवांत बघू : न्यायशास्त्रातले हेत्वाभास आणि चुकीचे इशारे. किल्ल्या परत घेतो, नाहीतर घरात घेणार नाहीत.